शिकारी दिसले तर भिडायचं नाही, पण सोडायचं पण नाही

इंग्लंडमधले ते व्हिडिओ बऱ्याच जणांनी बघितले असतील, लाल कोटातले घोडेस्वार, पुढं कुत्र्यांची फौज आणि मधेच तोंड झाकलेली पोरं कॅमेरा घेऊन पळतायत. ही पोरं कोल्ह्याची शिकार उधळायला येतात, तिकडं हा उद्योग १९६३ पासून चाललाय. कोल्ह्याचा माग कुत्र्यांना लागू नये म्हणून सिट्रोनेला (उग्र वासाचं तेल) फवारायचं, शिकाऱ्यांसारखंच शिंग वाजवून कुत्री भलतीकडं न्यायची. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून अशा शिकारीला बंदी आहे, पण शिकारी म्हणतात आम्ही आधी टाकलेल्या वासामागं चाललोय, मधे कोल्हा आला त्याला आम्ही काय करणार. त्यामुळं आता त्या पोरांचं खरं हत्यार कॅमेरा.

आपण तेवढाच घ्यायचा. शिंग-बिंग विसरा. आपल्याकडं जंगलपट्ट्यात शिकार होते ती रात्रीची, डोक्याला बॅटरी, हातात ठासणीची बंदूक, झुडपात काय हाललं की बार. तिथं हिरोगिरी करायला गेला तर डुक्कर समजून तुम्हालाच घालतील. माळावर दिवसा कारवानी (पळण्यात तरबेज शिकारी जातीची) कुत्री सशामागं नाहीतर खोकडामागं सोडतात, तिथं बंदूक नसली तरी माणसं दहा-बारा असतात आणि तुम्ही दोघं.

आता महत्त्वाचं. लोकांना वाटतं मेलेलं जनावर हातात लागलं तरच केस होते. तसं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे, कुत्री मागं लावणं, फासकी लावणं, हाका करून जनावर उठवणं, आमिष टाकणं, विष घालणं, आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न पण शिकारच. म्हणजे जनावर जिवंत असतानाच फोन लावायचा, नंतर नाही. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, बंदूक किंवा मारामारीची शक्यता असेल तर ११२. आणि आपल्या भागातल्या वनरक्षकाचा नंबर आधीच सेव्ह करून ठेवा की, रात्री अकराला कुठं शोधत बसणार.

फोनवर सगळी रामकथा सांगू नका. गाव, शिवार, जवळची खूण (देऊळ, ओढा, पाण्याची टाकी), माणसं किती, गाडीचा नंबर, कुत्री की बंदूक, कुठल्या दिशेनं चाललेत, बास. गट नंबर माहीत असला तर सोन्याहून पिवळं. तुम्ही लांब डांबरीवरच थांबा आणि एकट्यानं अजिबात जाऊ नका. शूटिंग काढताना लोकेशन आणि वेळ छापून येणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा, मूळ फाइल तशीच ठेवा, व्हॉट्सअपवरनं पाठवली की क्वालिटी जाते, त्यामुळं ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि अभयारण्यात रात्री विनापरवाना घुसलात तर गुन्हा तुमच्यावरच, मग बसा.

रानात फासकी दिसली तर हात लावू नका, फोटो काढा आणि कळवा. जनावर अडकून जिवंत असलं तरी स्वतः तार कापायला जाऊ नका, बिथरलेलं डुक्कर मांडी फाडतं, आणि पोटाला फास बसलेलं जनावर तसंच सुटलं तर पुढं जाऊन मरतं. पीठ नाहीतर चरबी लावलेला गोळा दिसला तर तो गावठी बॉम्ब असू शकतो, पोरांना आणि कुत्र्याला लांब ठेवा. उघडी तार ओढून करंट लावलाय असं वाटलं तर महावितरणला पण कळवा, त्या तारेला माणूस पण मरतो.

शेतकऱ्याशी मात्र नीट बोला. डुकरानं भुईमूग उकरला, गव्यानं ऊस तुडवला तर त्याचा संताप खरा आहे. भरपाईचा अर्ज वनखात्याकडं करता येतो, झटका मशीन (कुंपणाला हलका शॉक देणारं) कायद्यात बसतं, हे सांगितलं तर तोच उद्या तुम्हाला टीप देईल. ‘आज्यापासून चालत आलंय’ हे पण ऐकायला मिळणारच, आणि खोटं नाही ते, आपल्या कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळवीट धरायचे, दाजीपूरचं जंगल तर शिकारीसाठीच राखलेलं. पण तेच दाजीपूर १९५८ ला अभयारण्य झालं बघा, म्हणजे राजाची शिकार बंद होऊ शकते तर पारध पण होऊ शकते.

सगळ्यात सोपे पुरावे तर शिकारीच देतात, सशाचे कान धरून रील टाकतात लगा! तसलं दिसलं की खाली शिव्या घालत बसू नका, पोस्ट लगेच उडते. आधी लिंक कॉपी करा, स्क्रीन रेकॉर्ड करा, प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्या, मग खात्याला पाठवा. आणि जनावर दिसलेली जागा तुम्ही पण स्टेटसला टाकू नका.

कळवल्यावर गुन्हा नोंद झाला का ते विचारा, नंबर लिहून घ्या, मधूनमधून चौकशी करत राहा, साक्षीला बोलावलं तर जावं लागेल हे पण धरून चला. काहीच हालचाल नाही असं दिसलं तर वन्यजीव कायद्याच्या कलम ५५ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन साधा माणूस पण कोर्टात तक्रार करू शकतो, मसुदा वकिलाकडनं करून घ्या आणि नोटिशीची पोच घ्यायला विसरू नका.