गाडीत ओल कुठून येते? आधी पाणी ओळखा

जून लागला की आमच्या चिपळूणच्या गॅरेजवर एकच तक्रार सारखी ऐकू येते: "डावीकडे पायाखाली ओलं लागतंय, आणि आत कसलातरी वास येतोय." बहुतेक गिऱ्हाइकं उपाय ठरवूनच आलेली असतात. कोणाच्या हातात सिलिकॉनची ट्यूब असते, कोणाला डॅशबोर्ड खोलावा लागेल असं कोणीतरी सांगितलेलं असतं. दोन्हींची घाई नको. गाडीच्या आत येणारं पाणी कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं असतं, एसीचं असतं नाहीतर पावसाचं. कुठलं ते ठरेपर्यंत मी पान्याला हात लावत नाही.

पायपुसणी उचला, मॅटिंगवर पांढरा टिश्यू पेपर दाबून धरा. हिरवा, गुलाबी किंवा निळसर डाग आला, बोटांना बुळबुळीत लागलं, तर ते कूलंट. त्याचा वास उकळत्या गुळाच्या पाकाच्या जवळ जातो, म्हणूनच कित्येकांना तो आधी अत्तराचा वाटतो. चाखून मात्र बघू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. चव गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि जिवाला मुकतात. अंगणात कूलंट सांडलं तर भरपूर पाणी ओतून लगेच धुऊन टाका.

"आम्ही कोकणात हीटर कशाला लावतोय, तो गळेल कसा?" हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. पण बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असला तरी डॅशबोर्डच्या मागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, गरम कूलंट फिरतच असतं. बटण फिरवून आपण फक्त हवेची झडप हलवतो. त्यात कूलंटऐवजी विहिरीचं पाणी भरत गेलं की गंज रोखणारी रसायनं पातळ होतात आणि ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. लक्षणं तीन: गोडसर वास, पुढच्या काचेवर आतून तेलकट थर जो कपड्याने पुसला की नुसता पसरतो, आणि बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली कमी होणारी पातळी. सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर रोज त्याच वेळी बघा. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

वास आतून येतोय की बाहेरून, हे आमच्याकडे कुंभार्ली घाट सांगतो. चढावर इंजिन तापलं की ब्लोअर चालू ठेवून बाहेरची हवा घ्या, मग बटण दाबून आतलीच हवा फिरवा. वास हळूहळू कमी झाला, तर गळती बॉनेटखाली आहे. होजची क्लिप, वॉटर पंप, रेडिएटरची प्लास्टिक टाकी तपासा. तापलेल्या भागावर पडलेल्या थेंबांची वाफ काचेखालच्या जाळीतून आत ओढली जाते. वास तसाच राहिला, हीटर पूर्ण गरमवर नेल्यावर वाढला आणि काच धुरकटली, तर हीटर कोअर. खात्रीसाठी मेकॅनिककडून थंड इंजिनावर प्रेशर टेस्ट करून घ्या. झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप मारायचा आणि काटा खाली येतो का ते बघायचं. कोअर गेलाच असेल आणि पार्ट यायला वेळ असेल, तर बॉनेटमध्येच दोन्ही हीटर होज एकमेकांना जोडून कोअर वगळता येतो. सगळ्या इंजिनांना हे चालत नाही, म्हणून त्या गाडीची माहिती असलेल्या माणसाकडूनच करा. काचेवरचं धुकं तोवर एसीने काढता येतं.

पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल आणि एसी चालवल्यावरच येत असेल, तर शोध सोपा. आपल्या दमट हवेत अर्धा तास एसी चालवून गाडी थांबवली की खाली चांगलं थारोळं दिसायला हवं. खाली कोरडं आणि आत डावीकडे पायाशी ओलं, म्हणजे एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. कचरा असतो, कधी कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं असतं. खालून मऊ तारेने हलक्या हाताने मोकळा करा. जोरात हवा मारली तर आतला जोड निसटतो.

खरी चिकाटी लागते ती पावसाच्या पाण्याला. पहिली जागा वायपरखालची जाळी. गाडी आंब्या-फणसाखाली उभी असते, पातेरा जाळीत जातो, कुजतो आणि कोपऱ्यातली निचऱ्याची भोकं बंद होतात. मग पाणी चढतं आणि ब्लोअरच्या तोंडातून थेट आत पडतं. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची कामं करताना कौलं चाळता, तेव्हाच ही जाळीही साफ करा.

दुसरी जागा दार. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरणारच, आणि ते खालच्या भोकांतून बाहेर जायला हवं. ही भोकं आपल्या तांबड्या मातीने बुजतात. शिवाय स्पीकर बसवताना आतला प्लास्टिकचा पडदा फाडलेला असतो. अशा गाडीत ओल उंबऱ्याच्या बाजूने सुरू होते. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यातल्या भोकात कपभर पाणी हळू ओता, ते चाकाजवळ खाली यायला हवं. डिकीत स्टेपनीखाली पाणी साचत असेल तर मागच्या दिव्याचं गॅस्केट आणि डिकीचं बीडिंग बघा. गुहागर, हर्णैकडच्या गाड्यांत मी पुढच्या काचेची कडही तपासतो. खाऱ्या हवेने तिथला पत्रा गंजतो, आणि गंजावर काचेचा गम धरत नाही.

जागा सापडत नसेल तर एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने साध्या नळीने पाणी सोडावं. सुरुवात खालून करा: उंबरा, दार, काच, शेवटी टप. एकेका जागी दहा मिनिटं तरी थांबा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. सिलिकॉन फासायचं नाही ते याचसाठी. मूळ जागा झाकली जाते, कधी निचऱ्याचं भोकही बंद होतं.

ओलीबरोबर सीटच्या रुळांत किंवा सीटबेल्टच्या तळाशी गाळ सापडला, तर जुनी घेतलेली ती गाडी पुरात उभी राहिलेली असू शकते. 2021 च्या जुलैतल्या पुरानंतर आमच्याकडे हे मुद्दाम बघावं लागतं.

गळती बंद झाली तरी काम अर्धंच झालेलं असतं. मॅटिंग वरून कोरडं लागतं, पण खालचा फोम पाणी धरून ठेवतो, आणि कित्येक गाड्यांत त्याखालूनच एअरबॅगचं वायरिंग जातं. बॅटरीची तार काढा, सीट काढा, मॅटिंग पूर्ण उचला. कूलंट सांडलं असेल तर फोम कोमट पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, कारण ग्लायकॉल आपोआप उडून जात नाही. पावसात ऊन मिळणार नाही, तेव्हा पडवीत पंख्याखाली दोन-तीन दिवस राहू द्या. कनेक्टरवर हिरवा थर दिसला तर तो साफ झाल्याशिवाय मॅटिंग परत बसवू नका.