ब्रेक वाजतोय म्हणून लगेच पॅड मागवू नका

आयटीआय करून गॅरेजमध्ये लागला असाल, तर पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कवर दाबून गाडी थांबवणारा तुकडा) कसा काढायचा आणि तो दाबणारा कॅलिपर कसा बसवायचा हे तुम्हाला येत असणार. अडतं त्याच्या आधीच्या पायरीवर. जुनी वॅगन-आर, आल्टो किंवा सँट्रो येते, मालक म्हणतो, “ब्रेक वरडतत रे,” आणि आपण बॉनेटसुद्धा न उघडता पॅडचा सेट मागवतो. आवाज चार दिवस बंद होतो, मग गाडी पुन्हा दारात. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात हे फार होतं. इथे ब्रेक झिजून जितके बिघडतात, त्याहून जास्त खाऱ्या हवेने, पावसाने आणि उभे राहून बिघडतात.

गाडी आली की पहिल्यांदा चाकं बघा, आणि धुवायच्या आधी बघा. बऱ्याच गॅरेजमध्ये पोऱ्या आधी पाइप मारतो आणि निम्मा पुरावा गटारात जातो. पुढच्या रिमवर काळी भुकटी आणि मागचं चाक त्या मानाने स्वच्छ, याची काळजी नको. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि मागे ड्रम, म्हणजे बंद डब्यासारखा ब्रेक असल्यामुळे भुकटी आतच राहते. तुलना करायची ती डाव्या-उजव्याची. एक रिम काळंकुट्ट आणि जोडीचं स्वच्छ असेल, तर दोन शक्यता: काळ्या बाजूचा पॅड सुटत नाहीये, किंवा स्वच्छ बाजूचा ब्रेक लागतच नाहीये आणि सगळा भार दुसऱ्यावर पडतोय. गाडी थोडी फिरवून आणा आणि दोन्ही रिमजवळ हात धरून बघा. डिस्कला बोट लावू नका, भाजेल. ज्या बाजूची धग जास्त, ती बाजू घासतेय किंवा एकटीच भार घेतेय.

आपल्याकडे एक घोळ हमखास होतो. रिमवर तांबूस थर दिसला की कोणी म्हणतो डिस्क गंजून झडतेय, कोणी म्हणतो जांभ्याची माती. माती असेल तर ती टायरच्या कडेवर, मडगार्डमध्ये, दारांच्या खालीसुद्धा असते आणि चारी चाकांवर साधारण सारखी असते. डिस्कचा गंज मुख्यतः रिमवरच जमतो आणि बहुतेक वेळा एकाच चाकावर जास्त असतो. खात्री नसेल तर चाकं पुसून मालकाला दोन दिवस डांबरी रस्त्यावर गाडी चालवायला सांगा आणि पुन्हा बघा. आणि भुकटी ओली, चिकट दिसली किंवा टायरच्या आतल्या बाजूला ओघळ असला, तर ती गळती आहे. ती गाडी त्याच दिवशी उघडायची. मालकाला कितीही घाई असो, तशी परत द्यायची नाही.

ही भुकटी फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये (ब्रेकच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की कॅन्सरपर्यंत नेतं. नव्या पॅडचीही धूळ आत घेण्यासारखी नसते. ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर ब्रेक क्लीनर मारा. यावर माझी कोणाशीही भांडण करायची तयारी आहे.

आवाजाबद्दल मालकाला एकच विचारा: कधी येतो? पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी खरखरली आणि दोन-चार ब्रेकमध्ये गप्प झाली, तर तो डिस्कवरचा वरवरचा गंज. काही करू नका, पैसेही घेऊ नका. गाडी नुसती चालताना बारीक किणकिण येते आणि पॅडल दाबलं की बदलते, तर पॅड संपत आल्याचं सांगणारी पत्र्याची खूण डिस्कला लागायला आली असेल, किंवा पॅड सुटत नसेल. खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज म्हणजे पॅड संपला, गाडी तिथेच थांबवा. आंबोली किंवा फोंडा घाट चौथ्या गिअरमध्ये ब्रेक दाबून उतरलेली गाडी दुसऱ्या दिवशी चिरकायला लागली, तर पॅडचा चेहरा तापून चकचकीत झालेला असतो.

आता ते, ज्यात मी बराच काळ अडकून होतो. कॅलिपरच्या गाइड पिना.

पॅड काढलेत की आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवा. जाडीत ठळक फरक दिसला, किंवा एकच पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर दोष पॅडचा नाही. कॅलिपर पिनांवर सरकायला हवा, तो सरकत नाहीये, किंवा पॅड ढकलणारा पिस्टन परत जात नाहीये. पिन ओढून काढा. किनाऱ्यावरच्या गाडीत काय दिसतं सांगतो: पिनेवरच्या रबरी बुटाला (आवरणाला) केसाएवढी चीर, भोकात पाण्याचा थेंब, आणि ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल. हे पाहून कुठलाही नवा मुलगा भोक पुसतो, समोरच्या डब्यातलं बेअरिंगचं ग्रीस बोटभर भरतो आणि पिन बसवतो. पिन लोण्यासारखी सरकते. मलाही असंच शिकवलं होतं आणि शिकवणाऱ्यालाही कोणीतरी तसंच शिकवलं असणार.

पण ते ग्रीस पेट्रोलियमचं असतं. पिनेवरचा बूट आणि बऱ्याच गाड्यांत एका पिनेच्या टोकाला असलेली रबरी नळी त्याने फुगते. काही आठवड्यांत फुगलेलं रबर भोकात घट्ट बसतं आणि पिन आधीपेक्षा जास्त जाम होते. मग पुन्हा डस्ट, पुन्हा आवाज, आणि दोष नव्या पॅडवर. रबर पेट्रोलमध्ये धुतलं तरी तेच. पिनांना सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचं ग्रीसच लावा, पातळ थर. जास्त भरलंत तर आत हवा कोंडून पिन बाहेर ढकलली जाते. वरची-खालची पिन अदलाबदल करू नका, रबर असलेली एकच असते. बूट फाटलेला असेल तर तोही बदला, नाहीतर पहिल्या पावसात पाणी पुन्हा आत. आणि पॅडचे कान जिथे बसतात, त्या क्लिपा काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा. तो गंज फुगून पॅडला आवळतो. नवी क्लिप नुसती वरून बसवली तर काही उपयोग नाही.

दोष पिनेचा, पिस्टनचा की कॅलिपरकडे तेल नेणाऱ्या होस पाइपचा, हे ओळखायला चाक उचला, पॅडल दाबून सोडा आणि चाक फिरवा. जड फिरत असेल तर ब्लीडर (कॅलिपरवरचा तेल सोडायचा स्क्रू) किंचित सैल करा. तेल येऊन चाक मोकळं झालं, तर दाब अडकलाय: होस आतून फुगलेला असेल किंवा पॅडलमागच्या मास्टर सिलिंडरकडे बघावं लागेल. तरीही जडच राहिलं, तर पिन किंवा पिस्टन.

पहिल्यांदा हे सगळं करायला अर्धा दिवस जाईल. जाऊ दे. हात बसला की वेळ आपोआप कमी होतो, आणि सुरुवातीला वेळ लागणारा मुलगा कच्चा असतो असं मला कधीच वाटलं नाही. पॅडला पॉलिश पेपर मारून गाडी देणारा किंवा डिस्कवर तेलाचा स्प्रे मारणारा मिस्त्री मात्र भेटला, तर त्याच्याकडे थांबू नका. तेल लागलेला ब्रेक लागत नाही, इतकं साधं आहे. जो तुमच्याकडून दोन्ही पॅड हातात घेऊन मोजून घेतो, त्याच्याकडे पगार कमी असला तरी राहा.

चाकरमान्यांच्या गाड्यांचं वेगळं. शिमग्याला येऊन लावून ठेवलेली गाडी गणपतीला काढतात, हँडब्रेक तसाच ओढलेला. मागचे शू, म्हणजे ड्रमच्या आतले घासणारे तुकडे, ड्रमला चिकटतात. रेस देऊन गाडी ओढू नका, लायनिंग सुटून येतं. ड्रमवर चहूबाजूंनी हलके ठोके देऊन सोडवा. पुढच्या वेळेसाठी मालकाला सांगा: सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, चाकाला जांभ्याचा चिरा, आणि हँडब्रेक खाली.

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला. बसवून झाले की गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिल्या ब्रेकला पॅडल तळाला जातं आणि समोर गॅरेजची भिंत असते. मग मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्या, पूर्ण थांबून पॅडल दाबून धरू नका.

बिल देताना जुने पॅड फेकू नका. आतला आणि बाहेरचा असे जोडीने मालकाच्या हातात द्या. जाडीतला फरक त्याला स्वतः दिसला, की पिनांच्या कामाचे पैसे का लावले हे वेगळं सांगत बसावं लागत नाही.