लकव्यानंतर हाताला लवचिक टेप कशी लावावी

लकव्यानंतर अनेकांची बोटे तळहातात मुडपलेली राहतात, मनगट खाली झुकते आणि मिटलेली मूठ सहजासहजी उघडत नाही. अशा वेळी मनगट व बोटे वर उचलणाऱ्या, दुबळ्या पडलेल्या स्नायूंवर म्हणजे हाताच्या पाठीकडील बाजूस लवचिक टेप लावली जाते. जपानच्या केंझो कासे यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या या सुती पट्टीत औषध नसते. त्वचेला मिळणाऱ्या हलक्या ताणामुळे हाताची जाणीव व हालचाल सुधारावी, असा तिच्यामागील विचार आहे. लकव्याच्या बाबतीत तिच्या उपयोगाचा पुरावा अजून तोकडाच असल्याने व्यायामाची जोड एवढेच तिचे स्थान मानावे. पहिली पट्टी नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील) किंवा जवळच्या एखाद्या फिजिओथेरपिस्टकडूनच लावून घ्यावी आणि कुटुंबातील एकाने ती पद्धत नीट पाहून ठेवावी.

जखम, पुरळ, कातडीचा संसर्ग किंवा शिरेत रक्ताची गाठ असल्यास टेप लावू नये. एरवीही आदल्या दिवशी छोटा तुकडा चिकटवून खाज किंवा लाली येते का, ते पाहावे.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. तेल किंवा क्रीम राहिले, तर टेप टिकत नाही. केस दाट असल्यास कात्रीने कापावेत. कोपराच्या बाहेरील हाडाच्या जरा खालपासून बोटांच्या मुळांपर्यंत माप घेऊन ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापावी आणि तिचे कोपरे गोल करावेत, कारण टोकदार कोपरा बाहीला घासून आधी सुटतो. कोपर सरळ ठेवून मनगट झेपेल तेवढेच खाली वाकवावे. ताठरलेल्या हाताशी जबरदस्ती करू नये. कोपराकडचे टोक न ताणता चिकटवावे, मधला भाग अगदी हलक्या ताणाने हाताच्या पाठीवर आणावा आणि शेवटचे टोक पुन्हा न ताणता बसवावे. जास्त ओढले म्हणजे जास्त गुण येतो, हा समज चुकीचा असून त्यामुळे फक्त फोड येतात. नंतर पट्टीवरून तळहात चोळावा. उष्णतेने गोंद पकडतो.

खरे काम यापुढे सुरू होते. टेप असताना तो हात जास्तीत जास्त वापरावा: वाटी धरणे, दोरीवरचे चिमटे काढणे, हिवाळ्यात चांगल्या हाताच्या मदतीने तुरीच्या शेंगा सोलणे. मूठ उघडण्याचा प्रयत्न दिवसातून अनेकदा, थोडा थोडा व्हावा.

पट्टी साधारण तीन ते पाच दिवस ठेवता येते, परंतु नागपूरच्या मे महिन्यात घामामुळे ती लवकर सुटते व त्वचाही लवकर बिघडते, त्यामुळे उन्हाळ्यात ती आधीच काढणे बरे. लकव्याच्या हाताला संवेदना कमी असल्यास रुग्णाला आग किंवा खाज कळत नाही. म्हणून बोटांचा रंग, सूज आणि पट्टीच्या कडेची त्वचा घरच्यांनी रोज स्वतः पाहावी आणि बोटे निळसर किंवा थंड वाटल्यास टेप त्याच क्षणी काढावी. काढताना खोबरेल तेल लावून थोडा वेळ थांबावे, त्वचा एका हाताने दाबून धरावी आणि टेप केसांच्या दिशेने सावकाश सोलावी. त्यानंतर किमान एक दिवस त्वचा मोकळी ठेवावी.