जुन्या गाडीला इथेनॉलचे पेट्रोल कसे मानवेल

पंपावर आता निव्वळ पेट्रोल सहसा मागून मिळत नाही; त्यात इथेनॉल, म्हणजे एक प्रकारचे अल्कोहोल, मिसळलेले असते. भारतात २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रणाने सुरुवात झाली, जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोहोचली आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची, म्हणजे ई २० ची, विक्री सुरू झाली. १ एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांतील नळ्या, वॉशर आणि इतर भाग ई २० ला टिकतील असे असणे अपेक्षित आहे. त्याआधीच्या गाडीच्या मालकाला मात्र स्वतः थोडी तयारी करावी लागते. बहुतेक जण ही तयारी उलट्या टोकाने करतात, म्हणजे आधी कार्ब्युरेटरच्या जेटमागे, इंजिनाला किती पेट्रोल जाईल ते ठरवणाऱ्या बारीक छिद्राच्या भागामागे, लागतात. खरे तर आधी रबर पाहावे, मग पाणी, आणि जेटचा विचार सर्वांत शेवटी करावा.

टाकीत नेमके काय आहे ते घरी तपासता येते. काचेचे १०० मिलीलिटरचे मोजपात्र घ्यावे. त्यात शाईचा एक थेंब टाकलेले १० मिलीलिटर पाणी ओतून वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरावे. तोंड बंद करून पात्र हलवावे, मधूनमधून बूच सैल करून वाफ बाहेर जाऊ द्यावी आणि मग पात्र दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जाते, त्यामुळे खालचा रंगीत थर वाढतो. तो २८ च्या आसपास आला तर ९० मिलीलिटर पेट्रोलमध्ये सुमारे १८ मिलीलिटर, म्हणजे २० टक्के, इथेनॉल होते. १९ वर थांबला तर ते ई १० आहे. हा अंदाज आहे, प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. प्रयोग अंगणात, विस्तवापासून दूर करावा आणि पात्रातले पेट्रोल पुन्हा टाकीत ओतू नये.

आता रबर. जुन्या गाड्यांतील साध्या रबराच्या नळ्या, कॉर्कचे गॅसकेट आणि स्वस्त ओ-रिंग इथेनॉलमध्ये फुगतात, मऊ पडतात किंवा कालांतराने कडक होऊन तडकतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी बोटांनी दाबून वाकवून पाहावी. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या किंवा हाताला चिकटपणा लागला, तर ती बदलावी. नवी नळी घेताना ‘इथेनॉलची’ किंवा ‘व्हायटॉनची’ (इथेनॉलला टिकणाऱ्या खास रबराची) असे स्पष्ट सांगून घ्यावी, कारण दुकानात काळी नळी म्हणून जे मिळते त्यातील बरेचसे या कामाचे नसते. पेट्रोल कॉकमधील वॉशर, कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटच्या सुईचे रबरी टोक आणि फ्लोट चेंबरचे गॅसकेट हे तिन्ही भाग स्वस्त असतात. पेट्रोल गळण्याची सुरुवात मात्र बहुधा तिथूनच होते, आणि तापलेल्या इंजिनावर ठिबकणाऱ्या पेट्रोलपुढे ॲव्हरेज कमी झाल्याची तक्रार अगदीच किरकोळ ठरते.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि त्यामुळे गाडी बंद पडते, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. नेहमी वापरात असलेल्या, झाकण नीट बसणाऱ्या टाकीत हवेतून इतके पाणी शिरत नाही. खरे पाणी येते ते झाकणाच्या कुजलेल्या वॉशरमधून, पावसात उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीत किंवा धुलाई केंद्रावरच्या जोरदार फवाऱ्याने. १५ अंश सेल्सिअसला ई १० मध्ये लिटरमागे सुमारे ५ मिलीलिटर पाणी विरघळून राहू शकते, ई २० मध्ये त्याहून अधिक. ही मर्यादा ओलांडली किंवा तापमान उतरले, की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात आणि वर इथेनॉल गमावलेले, कमी ऑक्टेनचे पेट्रोल तरंगते. इंजिन इंधन ओढते ते तळातूनच. असे झाल्यावर नवे पेट्रोल ओतून काही साधत नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते.

माझ्या जुन्या स्कूटरचा फ्लोट चेंबर एका पावसाळ्यानंतर उघडला, तेव्हा तळाशी पांढुरकी भुकटी, भिंतींना डिंकासारखा पिवळसर थर आणि पारदर्शक द्रवाचा एक वेगळा थेंब असे तिन्ही एकत्र दिसले. भुकटी धातूच्या गंजाची, थर जुन्या पेट्रोलचा आणि थेंब पाणी-इथेनॉलचा होता. गाडीत बिघाड काहीच नव्हता. ती चार महिने पेट्रोलसह नुसती उभी होती, एवढेच. म्हणून महिन्याभराहून अधिक काळ गाडी उभी राहणार असेल, तर पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. पत्र्याची टाकी मात्र जवळपास भरून ठेवावी, कारण रिकाम्या जागेत गंज धरतो. ई २० वापरू लागल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर इंधनाचा फिल्टर बदलणेही हिताचे असते, कारण इथेनॉल टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सोडवून पुढे पाठवते.

यानंतर जेट. पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलच्या एका भागाला ९. ई २० साठी हे प्रमाण साधारण १३.५ येते. म्हणजे तेवढ्याच हवेत सुमारे ८ ते ९ टक्के अधिक इंधन जावे लागते. ते गेले नाही, तर चढावर इंजिन अडखळते, जास्त तापते आणि प्लगचे टोक पांढरे दिसते. प्लगचा रंग फिकट तपकिरी असेल आणि गाडी चढावर नीट ओढत असेल, तर जेटला हात लावण्याचे कारण नाही. लक्षणे दिसत असतील तरच मुख्य जेट एक माप वाढवावा. जेटवरील आकडा छिद्राचा व्यास दाखवणारा असेल, तर ९५ च्या जागी ९८ घ्यावा; व्यास सुमारे ३ टक्क्यांनी वाढला की छिद्राचे क्षेत्रफळ ६ टक्क्यांहून थोडे अधिक वाढते. छिद्र तारेने मोठे करण्याचा उद्योग करू नये. मंद गतीच्या मिश्रणाचा स्क्रू फिरवण्यापूर्वी तो कुठे आहे ते पाहावे. एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो आत फिरवल्याने मिश्रण घट्ट होते, म्हणजे त्यातले पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल, तर बाहेर फिरवल्याने. या एका गोंधळापायी चांगल्या गाड्या बिघडवल्या जातात.

फ्युएल इंजेक्शन असलेल्या आणि सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेल्या गाडीत ही दुरुस्ती संगणक बऱ्याच अंशी स्वतः करतो. तिथे फक्त रबर, फिल्टर आणि धोक्याचा दिवा यांवर लक्ष ठेवावे.

ॲव्हरेज घटणारच. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई २० मध्ये सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी भरते, ई १० च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई १० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींत ६ ते ७ टक्के आणि दुचाकींत ३ ते ४ टक्के घट सांगितली होती. त्यामुळे ई १० वर ५० किलोमीटर देणारी दुचाकी ई २० वर ४८ देत असेल, तर तिला दोष नाही. ती ४० वर आली असेल, तर कारण इथेनॉलबाहेर शोधावे: टायरमधील हवा, घासणारा ब्रेक, मळलेला एअर फिल्टर.

याहून पुढे जाऊन जुन्या गाडीत ई ८५ किंवा ई १०० भरण्याचा मोह टाळावा. तेवढ्या इथेनॉलसाठी जेट, पंप, ठिणगीची वेळ असे सारेच बदलावे लागते आणि थंडीत गाडी सुरू होणे अवघड जाते, कारण इथेनॉलची वाफ थंड हवेत पुरेशी होत नाही. ब्राझीलने १९७५ मध्ये अल्कोहोल इंधनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला; त्यातून पुढे आलेल्या अल्कोहोलवरच्या गाड्यांत केवळ सुरू करण्यापुरती पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असे. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे ही अडचण आपल्यालाही कळेल. शिवाय गाडीचे इंधन बदलणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा बदल आहे, आणि त्यासाठी परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. ई १०० वापरायचेच असेल, तर त्यासाठी कारखान्यातूनच तयार होऊन आलेली फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉलच्या वेगवेगळ्या मिश्रणांवर चालणारी, गाडी घ्यावी.

साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्यांना आणखी एक मोह पडतो. मळीपासून निघालेले रेक्टिफाइड स्पिरिट ओळखीतून मिळाले, तर ते थेट पेट्रोलमध्ये मिसळता येईल असे त्यांना वाटते. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनाने ९५.६ टक्क्यांच्या वर जात नाही; उरलेले पाणीच असते. पंपासाठीचे इथेनॉल त्यापुढे पाणी शोषून घेणाऱ्या मॉलिक्युलर सिव्हमधून काढून जवळजवळ निर्जल केलेले असते. स्पिरिट पेट्रोलमध्ये ओतले, की त्यातल्या पाण्यामुळे वर सांगितलेला तळाचा थर तयार होण्याचा धोका असतो. शिवाय परवान्याशिवाय ते बाळगणे महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. सॅनिटायझरचीही तीच गत आहे; त्यात पाण्याबरोबर बहुधा ग्लिसरीन असते, जे जळताना प्लगवर आणि व्हॉल्व्हवर चिकट काजळी सोडते.