मांस आतून शिजलं का, हे रंगावरून ठरवू नका

डुकराचं किंवा गाईम्हशीचं मांस बाहेरून तांबूस-खरपूस झालं तरी मध्यभागी कच्चं राहू शकतं, आणि पट्टकृमीच्या (टेपवर्मच्या) अळ्या तिथेच जिवंत राहतात. त्यामुळे सुरी खुपसून रंग पाहण्यापेक्षा मांसाचा थर्मामीटर वापरा.

१. टोक सर्वांत जाड भागाच्या मध्यापर्यंत घाला. हाडाला किंवा भांड्याला टेकलं तर आकडा चुकतो. पातळ तुकड्यात बाजूने आडवं घाला.

२. अखंड तुकडा ६३ अंश सेल्सिअसला पोचला की आचेवरून उतरवा आणि ३ मिनिटं तसाच राहू द्या. ही ३ मिनिटं गाळू नका, अळ्या मारण्याचं काम त्यातही चालू असतं.

३. खिम्याला ७१ अंश हवेत.

थर्मामीटर नसेल तर तुकडे लहान करून रस्स्यात खदखदून शिजवा. मोठा तुकडा भाजण्याच्या फंदात पडू नका.

फ्रीझरचाही उपयोग होतो: उणे १५ अंशांना डुकराच्या मांसाला ३ दिवस, गाईम्हशीच्या मांसाला ६ दिवस. मात्र दिवस मोजायचे ते तुकडा गाभ्यापर्यंत गोठल्यावर. खारवणं, धुरी देणं, वाळवणं यांच्यावर विसंबू नका.

एक सावधगिरी: डुकराच्या पट्टकृमीची अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून पसरतात. ती पोटात गेली तर अळ्या मेंदूतही घर करतात आणि झटके येऊ शकतात. म्हणून शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवाच. शौचात पांढऱ्या चपट्या पट्ट्या दिसल्या तर डॉक्टरकडे जा, मनाने जंताची गोळी घेऊ नका.