खान्देशातून टेक्सासला आलेल्यांसाठी: दुखऱ्या हातांना झेपेल असं पिस्तूल

रावेर सोडून मला २२ वर्षं झाली. आपल्याकडच्या नव्या बायका भिशीला भेटल्या की हळूच विचारतात, "ताई, घरात पिस्तूल ठेवायचं तर कुठलं?"

बाई, आधी व्हिसा बघ. एच-वन, एच-फोर, एफ-वन किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर इथल्या केंद्रीय कायद्यानं पिस्तूलच काय, गोळ्याही बाळगता येत नाहीत. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या भानगडीत पडू नका. ग्रीन कार्ड आलं की खरेदीचं बघता येतं.

आता हातांचं. याच हातांनी मी खापरावर मांडे टाकले. आता अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही. दुकानदारानं "बायकांसाठी" म्हणून मुठीत मावेल एवढंसं पिस्तूल दिलं. घरी स्लाइड, म्हणजे गोळी नळीत चढवायला मागे ओढायचा वरचा भाग, बोटभरही मागे येईना. आठ महिने ते कपाटात पडून होतं.

लहान म्हणजे सोपं, ही समजूत मनातून काढा. कित्येक छोट्या .३८० (हे गोळीचं माप) पिस्तुलांत स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच गोळीचा धक्का पेलायचा असतो, म्हणून स्प्रिंग कडक. शिवाय हलकं पिस्तूल हातात जास्त उसळतं. मला सोसलं ते स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी. .३८० चं २०१८ मध्ये आलं, ९ एमएमचं २०२० मध्ये. त्यात हॅमर, म्हणजे गोळी उडवणारा हातोडा, आतमध्ये असल्यानं स्प्रिंग मऊ ठेवता आली आहे, आणि मॅगझिनला (गोळ्यांच्या पेटीला) आतली स्प्रिंग खाली ओढायचं बटण असल्यानं गोळ्या भरताना अंगठा दुखत नाही. फक्त मुठीमागची सेफ्टी (ती दाबल्याशिवाय गोळी सुटत नाही) पूर्ण दाबली जाते ना, ते स्वतःच्या पकडीत तपासा. रिव्हॉल्वरला स्लाइड ओढावी लागत नाही हे खरं, पण हॅमर न चढवता मारायचं तर ट्रिगर ओढायला बहुधा १०-१२ पौंडांचा जोर लागतो. माझं बोट थरथरायचं.

स्लाइड चिमटीत धरून ओढू नका. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, पिस्तूल छातीजवळ. स्लाइड वरून अख्ख्या पंजानं धरा आणि दुसऱ्या हातानं पिस्तूल पुढे लोटा. कणीक मळताना खांद्याचा जोर लावतो तसं.

घरात मुलं असतील तर तिजोरी त्याच दिवशी घ्या. निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर टेक्सासात तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो.

रविवारी मी नेमबाजीच्या रेंजवर असते. ग्रीन कार्ड हाती आलेल्यांनी सोबत या, आधी माझंच चालवून बघा.