बेसिकमध्ये स्ट्रिंग हाताळायची कशी: आधी शोधा, मग कापा

जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी डार्टमथ कॉलेजात १९६४ मध्ये बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू केली, ती विज्ञान-गणिताबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. आज बेसिकमध्ये छोटासा प्रोग्राम लिहायला बसलेल्या माणसाचं पहिलं भांडण मात्र बहुधा मजकुराशी, म्हणजे बेसिकच्या भाषेत स्ट्रिंगशी, होतं. नाव वेगळं काढायचंय, तारखेचे तुकडे करायचेत, नको ते चिन्ह बदलायचंय. ही कामं वेगवेगळी दिसली, तरी बहुतेकांची रीत एकच: हवी ती खूण कुठे आहे ते शोधायचं आणि त्या जागेवरून कापायचं.

खालची उदाहरणं क्यूबेसिकच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकच्या, धाटणीची आहेत. ती क्यूबी६४ या आजच्या संगणकांवरच्या बेसिकमध्ये चालतात. फ्रीबेसिक या आणखी एका बेसिकला मात्र ‘-लँग क्यूबी’ हा पर्याय द्यावा लागतो. वाचायला सोपं जावं म्हणून कमांडची आणि व्हेरिएबलची (माहिती ठेवायच्या कप्प्यांची) नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत लिहा, आकडेही इंग्रजीच घ्या.

व्हेरिएबल तयार करा

नावापुढे डॉलरचं चिन्ह लावलं की ते व्हेरिएबल मजकुराचं झालं. मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायचा.

तारीख$ = "५-११-१९९९"

मजकुराच्या आतच दुहेरी अवतरणचिन्ह हवं असेल, तर तिथे सीएचआर$(३४), म्हणजे ३४ क्रमांकाचं अक्षर, जोडा. जोडायला अधिकचं चिन्ह पुरतं. "५" + "५" म्हणजे "५५", दहा नव्हे. एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला स्ट्रिंग ठेवलीत, तर ‘टाइप मिसमॅच’, म्हणजे प्रकार जुळत नाहीत, हे ऐकून घ्यावं लागेल.

वापरणाऱ्याकडून आख्खी ओळ घ्यायची असेल, तर साधं इनपुट वापरू नका, लाइन इनपुट वापरा. मजकुरात स्वल्पविराम आला की साधं इनपुट त्याला दोन वेगळी उत्तरं समजतं आणि ‘रीडू फ्रॉम स्टार्ट’ म्हणत पुन्हा विचारत बसतं.

जागा शोधा आणि कापा

पहिल्या प्रयत्नात सगळे जण लेफ्ट$(तारीख$, २) लिहितात, म्हणजे डावीकडची दोन अक्षरं. "१५-११-१९९९" असेल तर काम होतं. वरच्या तारखेत मात्र हाती "५-" येतं. म्हणून अक्षरं मोजू नका, आडवी रेघ शोधा. इन्स्ट्र खुणेची जागा सांगतं (सुरुवातीला आकडा दिला, तर त्या जागेपासून पुढे शोधतं), आणि मिड$ मधला तुकडा काढतं:

पहिली = इन्स्ट्र(तारीख$, "-")
दुसरी = इन्स्ट्र(पहिली + १, तारीख$, "-")
दिवस$ = लेफ्ट$(तारीख$, पहिली - १)
महिना$ = मिड$(तारीख$, पहिली + १, दुसरी - पहिली - १)
वर्ष$ = मिड$(तारीख$, दुसरी + १)

बेसिक अक्षरं १ पासून मोजते. त्यामुळे पहिली = २ आणि दुसरी = ५. दिवस हवा तर रेघेच्या आधी थांबायचं, म्हणून उणे एक. महिना रेघेनंतर सुरू होतो, म्हणून अधिक एक, आणि त्याची लांबी ५ - २ - १, म्हणजे २. हे आकडे कागदावर एकदा मांडून पाहाच. स्ट्रिंगच्या निम्म्या चुका या एकाच्या फरकात असतात. मिड$ ला तिसरा आकडा दिला नाही, तर ते शेवटपर्यंतचं सगळं उचलतं. वर्षासाठी तेच हवंय.

उरलेल्या बऱ्याच चुका शून्यात. कुणी "५/११/१९९९" टाइप केलं, तर इन्स्ट्रला रेघ सापडत नाही आणि ते ० परत देतं. मग लेफ्ट$ कडे जातो -१, आणि क्यूबेसिक ‘इल्लीगल फंक्शन कॉल’ म्हणून जागीच थांबतं. फ्रीबेसिक काही न बोलता रिकामी स्ट्रिंग देतं. माझ्या मते ते जास्त वाईट, कारण चूक पुढे कुठेतरी भलतीकडेच उगवते. म्हणून दर शोधानंतर, कापण्याआधी, इफ पहिली = ० ही तपासणी हवीच.

एका मजकुराच्या जागी दुसरा घाला

क्यूबेसिकमध्ये यासाठी तयार फंक्शन नाही, पण वरचीच रीत लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींत, फिरवली की झालं:

जागा = इन्स्ट्र(ओळ$, जुने$)
डू व्हाइल जागा > ०
ओळ$ = लेफ्ट$(ओळ$, जागा - १) + नवे$ + मिड$(ओळ$, जागा + लेन(जुने$))
जागा = इन्स्ट्र(जागा + लेन(नवे$), ओळ$, जुने$)
लूप

लेन म्हणजे स्ट्रिंगची लांबी. शेवटून दुसरी ओळ नीट पाहा. पुढचा शोध नव्या मजकुराच्या पलीकडून सुरू होतो. तो पुन्हा सुरुवातीपासून घेतलात आणि "-" च्या जागी "--" घालत असलात, तर घातलेलीच रेघ परत परत सापडेल आणि लूप थांबणारच नाही. क्यूबेसिकमध्ये स्ट्रिंग जास्तीत जास्त ३२,७६७ अक्षरांची असते. ती मर्यादा गाठून प्रोग्राम कोसळेल, एवढंच. जुने$ रिकामं नाही ना, हेही लूपच्या आधी पाहून घ्या.

आकडा आणि मजकूर यांची अदलाबदल

व्हॅल(वर्ष$) केलं की १९९९ हा खरा आकडा मिळतो. व्हॅल फार उदार आहे: "१२किलो" दिलं तर १२ देतं, आणि नुसतं "किलो" दिलं तर ०. वापरणाऱ्याने खरंच शून्य टाइप केलं की काहीतरी भलतंच, हे त्यावरून कळत नाही. उलट दिशेने एसटीआर$(४५) करा, तर पुढे एक मोकळी जागा येते, कारण ती उणे चिन्हासाठी राखलेली असते. ती एलट्रिम$ ने काढा.

तुलना करण्याआधी हे रूपांतर विसरू नका. स्ट्रिंग म्हणून "१०" हे "९" पेक्षा लहान ठरतं, कारण बेसिक पहिलं अक्षर पहिल्याशी ताडून पाहते. रोमन अक्षरांतही मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ आणि छोट्या ‘ए’चा ९७, त्यामुळे बेसिकच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. हो-नाहीचं उत्तर तपासताना आधी यूकेस$ लावून सगळं मोठ्या अक्षरांत आणा.

देवनागरी मजकूर असेल तर

इथे लेन फसवतं. यूटीएफ-८ (देवनागरी साठवायची नेहमीची पद्धत) फाइलमधून वाचलेल्या ‘कमल’ची लांबी क्यूबी६४ ३ नाही, ९ सांगतं, कारण ते अक्षरं नाही, बाइट (साठवणीचे छोटे तुकडे) मोजतं आणि देवनागरीची दर खूण तीन बाइटची. लेफ्ट$(शब्द$, १) केलंत तर ‘क’चा एक तृतीयांश हाती येतो, आणि पडद्यावर काहीतरी विचित्र चिन्ह उमटतं. तीन-तीनच्या हिशोबाने कापावं म्हटलं, तर ‘कि’ सहा बाइटचा, कारण वेलांटी वेगळी मोजली जाते. अशा मजकुरात अक्षरांच्या संख्येवरून कापण्याच्या भानगडीत पडू नका. इन्स्ट्रने मोकळी जागा किंवा स्वल्पविराम शोधा आणि तिथेच कापा. ही चिन्हं एकेका बाइटची असल्याने आजूबाजूचं अक्षर तुटत नाही.